गुर्लहोसूरचे अण्णा

बेळगावात राहून किर्लोस्कर रोड माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण. पण या रस्त्यावर उभे राहून दहाजणांना "किर्लोस्कर म्हणजे कोण हो?" असे विचारले, तर नऊजण पंपांचे, नांगरांचे आणि कारखान्यांचे नाव घेतील. त्यात चूक काही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलीचे दुकान थाटले, पहिले नांगर इथेच घडवले आणि पुढे १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचा अभिमान आम्हालाही आहे. पण लक्ष्मणरावांचा जन्म ज्या गुर्लहोसूर गावी १८६९ साली झाला, त्याच गावी त्यांच्याआधी सव्वीस वर्षे आणखी एक किर्लोस्कर जन्माला आले होते. त्यांनी मराठी माणसाला गाणारे नाटक दिले. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब. यंदाच्या स्मरणिकेत त्यांची आठवण काढावी असे आम्हाला वाटले. त्याला एक कारण घडले आहे, ते शेवटी सांगू.

गुर्लहोसूर हे सौंदत्तीच्या बाजूचे गाव. यल्लम्माच्या डोंगराला न चुकता जाणारी घरे आपल्यात कितीतरी आहेत, पण वाट थोडी वाकडी करून गुर्लहोसूरला जाऊन आलेले फार थोडे. गाव आणि मुलूख कानडी. किर्लोस्करांचे आडनाव कोकणातल्या किर्लोसी गावचे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांसारखीच गोष्ट: मूळ एकीकडचे, वस्ती दुसरीकडे, आणि पिढ्या गेल्यावर जिथे वस्ती तेच गाव. अशा घरात ३१ मार्च १८४३ रोजी अण्णांचा जन्म झाला. बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण घरीच, तेही कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. त्यानंतर कोल्हापूर आणि पुणे.

१८४३ हे साल नाटकाच्या इतिहासात आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. मराठी रंगभूमी आपला प्रारंभ तिथून मोजते आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळते. पण भाव्यांना नाटक करायला सांगण्याचा विचार राजेसाहेबांच्या मनात कशामुळे आला? त्याच्या आदल्या वर्षी, १८४२ मध्ये, कारवार जिल्ह्यातल्या होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते यक्षगानाच्या वळणाचे कानडी खेळ होते. ते पाहून मराठीत असे काही व्हावे अशी इच्छा राजेसाहेबांना झाली. मराठी नाटकाच्या जन्माच्या वेळी सुईणीसारखी कानडी शेजारीण हजर होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

भाव्यांचा खेळ कसा असे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. नाहीतर अण्णांनी काय केले ते नीट कळत नाही. पौराणिक नाटकात सूत्रधार एका बाजूला उभा असे आणि सगळी पदे तोच म्हणे. सुरुवातीला गणपती रंगमंचावर येई, त्याची पूजा होई, सरस्वती येई आणि विदूषकही येई. त्यानंतर कथाभाग. सूत्रधार पद्यातून प्रसंग सांगे आणि पात्रे आपापल्या वकुबाप्रमाणे आयत्या वेळी भाषणे करीत. राक्षसांची आरडाओरड इतकी असे की या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नावच पडले. भाषणे लिहिलेली नसत आणि पात्राच्या मनातले दुःख गायचे काम पात्राचे नसे. सीता रडत असली तरी गात असे सूत्रधार.

याच्या जोडीला शिकलेल्या लोकांनी दुसरी वाट काढली होती. शेक्सपिअर आणि संस्कृत नाटककारांची भाषांतरे करून ती ‘बुकिश’ नाटके म्हणून करायची. त्यांत भाषणे लिहिलेली असत, शिस्त असे, पण गाणे नव्हते. म्हणजे एका बाजूला गाणे होते पण रचना नव्हती, आणि दुसऱ्या बाजूला रचना होती पण गाणे नव्हते.

अण्णांना नाटकाचा नाद पुण्यात शिकत असतानाच लागला. फिरत्या मंडळ्यांना ते पदे रचून देत. १८६६ साली त्यांनी ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ उभी केली. १८७३ मध्ये आद्य शंकराचार्यांवर ‘श्रीशंकरदिग्विजय’ हे गद्य नाटक लिहिले. मधल्या काळात पोटासाठी बरेच काही केले. बेळगावच्या हायस्कुलात शिक्षक होते, काही दिवस पोलीस खात्यात होते आणि शेवटी पुण्यात दक्षिण विभागाच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत होते. दिवसभर महसुलाच्या कागदांत डोके घालून संध्याकाळी पदे रचायची, हे काय असते ते कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

बेळगावच्या शिक्षकीतून एक मोठी गोष्ट घडली. त्यांच्या हाताखाली हरिपूरचा एक मुलगा शिकत होता, गोविंद बल्लाळ देवल. अण्णांचा हा विद्यार्थी पुढे त्यांच्या नाटक मंडळीत आला, तालीम मास्तर झाला आणि ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ या नाटकांचा कर्ता झाला. जरठ-कुमारी विवाहावरची ‘शारदा’ १८९९ साली रंगमंचावर आली ती किर्लोस्कर मंडळीकडूनच, आणि पहिला प्रयोग झाला इंदुरात. म्हणजे बेळगावच्या एका वर्गातले गुरुशिष्य, सांगलीजवळचे हरिपूर आणि माळव्यातले इंदूर हे सगळे एका धाग्यात ओवले गेले. आपल्या इंदूरच्या आणि बडोद्याच्या सोयऱ्यांना ‘संगीत नाटक हे पुण्यामुंबईचे’ असे कोणी म्हटले तर राग का येतो, ते यावरून कळावे.

१८८० साली पुण्यात अण्णांनी एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला. त्यात पात्रे स्वतः गात होती. हे मराठीत का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाते नट त्यात होते आणि सूत्रधाराच्या भूमिकेत स्वतः अण्णा होते. सूत्रधार राहिला, पण त्याचे काम आता दार उघडून देण्यापुरते उरले. पुढे शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली.

आज हे वाचताना यात एवढे मोठे काय, असे वाटेल. पण जरा विचार करा. पात्र स्वतः गाते म्हणजे गाणे त्याच्या स्वभावाचे असले पाहिजे, त्या क्षणाचे असले पाहिजे आणि बोलता बोलता उमलले पाहिजे. अण्णांची पदे अशीच आहेत. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले ते कळत नाही. त्यांनी गवयाला रंगमंचावर आणून बसवले नाही, बोलणाऱ्या माणसाला गायला लावले. म्हणून साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी कीर्तनातली आणि घरातल्या बायकांच्या तोंडची वृत्ते त्यांनी घेतली, लावणीच्या चाली घेतल्या आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी पदांच्या चालीही घेतल्या. जुन्या छापील प्रतींत पदांच्या डोक्यावर चाल दिलेली असे. ती नजरेखालून घातली की कानडी पदांची नावे भेटतात. एवढेच नव्हे, अण्णांच्या आधी दहाएक वर्षे चुरमुरी शेषगिरीराव यांनी ‘शाकुंतल’ कानडीत आणले होते. कन्नड नाट्येतिहासाचे अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात आणि आम्हाला त्यात वावगे वाटत नाही. गुर्लहोसूरच्या माणसाच्या कानात कानडी नसते तरच नवल.

दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक पुण्यात झाले. पुढच्या वर्षी नाटक पुरे झाले. ‘शाकुंतल’ कालिदासाचे होते, ‘सौभद्र’ अण्णांचे स्वतःचे. कथा महाभारतातली, पण घर आपले. बहिणीचे लग्न आपल्या मनाप्रमाणे ठरवून बसलेला तापट थोरला भाऊ, सगळे जाणून गालात हसणारा धाकटा, मनातले बोलता येत नसलेली मुलगी आणि संन्याशाच्या वेषात घरात शिरलेला तिचा प्रियकर. बलरामाला घरातला दादा आणि कृष्णाला लबाड भाऊ केले म्हणून देवांचे देवपण गेले नाही, उलट ते आपल्या माजघरात येऊन बसले. ज्याने हे नाटक एकदा पाहिले त्याला कृष्णरुक्मिणीचा संवाद ऐकताना आपल्याच घरातले कोणीतरी आठवते. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी ‘सौभद्र’ अजून होते ते यामुळे. नुसत्या गाण्यावर एवढे टिकत नाही.

याच सुमारास बडोद्यात पोलीस कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करणारा एक एकोणीस वर्षांचा तरुण मंडळीत आला. भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला. लोक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणत. भाऊराव १९०१ साली गेले. १९०५ मध्ये मिरजेस नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा याच मंडळीत शकुंतलेच्या वेषात उभा राहिला. तेच बालगंधर्व. त्यांना गाणे शिकवणारे भास्करबुवा बखले हे स्वतः लहानपणी किर्लोस्कर मंडळीत भूमिका करीत होते. आवाज फुटल्यावर ते रागदारीकडे वळले, मोठे गवई झाले आणि पुढे धारवाडला राहून शिकवू लागले. नाटकातून बाहेर पडलेले गाणे असे पुन्हा कर्नाटकात येऊन पोहोचले.

अण्णांनी हे काहीच पाहिले नाही. २० ऑक्टोबर १८८४ रोजी त्यांच्या ‘रामराज्यवियोग’चे तीन अंक रंगमंचावर आले. नाटक पुरे झाले नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरला त्यांचे निधन झाले, वय बेचाळीस. पुण्यात नाव झाले, पण देह ठेवला तो आपल्याच गावी. ‘शाकुंतल’पासून मोजले तर संगीत नाटककार म्हणून त्यांना मिळालेली वर्षे जेमतेम पाच. त्या पाच वर्षांत दोन पुरी नाटके आणि एक अपुरे. तेवढ्यावर पुढची पन्नास वर्षे मराठी रंगभूमी चालली. देवल, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी या सगळ्यांची नाटके किर्लोस्कर मंडळीने किंवा तिच्यातून फुटलेल्या मंडळ्यांनी केली. खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १९११ साली याच मंडळीने केला. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकरही किर्लोस्कर मंडळीतूनच पुढे आले आणि १९१८ साली त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली.

हा झाला मराठीकडचा हिशेब. पण आमच्या भागाला याची दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी. मराठी मंडळ्या धारवाड, हुबळी, गदग या बाजूला इतक्या फिरत की तिकडच्या लोकांना मराठी नाटकाची गोडी लागली आणि आपल्या भाषेत असे का नाही, ही खंतही लागली. गदगच्या बाजूला शांतकवी म्हणजे सक्करी बाळाचार्य यांनी कन्नड नाटके लिहून मंडळी उभी केली ती याच ईर्ष्येने. ही ईर्ष्या चांगली होती. कर्कीच्या मंडळीला पाहून सांगलीला जे वाटले, तेच मराठी मंडळ्यांना पाहून गदगला वाटले. देणे फिटले म्हणा, किंवा पुन्हा नवे देणे झाले म्हणा. पुढे कन्नड कंपन्याही संगीत नाटके करू लागल्या. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी अशाच कन्नड कंपनीत गात होते. तिथे त्यांचे गाणे ऐकून मिरजेच्या नीळकंठबुवांनी त्यांना शिष्य केले. सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी हे तर आपल्या बेळगावच्या वेशीवरचे. घरची भाषा कानडी. तेच कुमार गंधर्व होऊन देवासला स्थायिक झाले आणि बालगंधर्वांची गाणी आपल्याला कशी उमजली ते त्यांनी मैफलीत गाऊन दाखवले. आणि उलट दिशेने पाहावे तर दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. घरात मराठी, कविता कानडी, आणि ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड काव्यासाठी. अण्णा इकडून तिकडे गेले, बेंद्रे तिकडेच राहिले. दोघांनी आपल्या दोन्ही भाषांचा मान ठेवला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्याकडे भाषेचा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आणि फार दुखरा झाला. त्याविषयी इथे लिहायचे नाही. पण एक परिणाम आम्हाला दिसतो. आपण अण्णांसारखी माणसे एकाच खात्यावर मांडू लागलो. त्यांच्या चरित्रात ‘जन्म गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव’ एवढी एक ओळ येते आणि गाडी लगेच पुण्याला निघते. तिकडे कानडी बाजूला ते मराठीचे म्हणून कोणी फारसे हात लावत नाही. ज्या गावाने त्यांना दोन भाषांचा कान दिला, ते गाव दोन्हीकडून गळाले. खरे तर संगीत नाटक जन्माला आले ते या दोन भाषांच्या बांधावर. बांधावरचे झाड दोघांच्याही शेतात सावली देते, आणि म्हणूनच कधीकधी कोणीच त्याला पाणी घालत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेले कारण. गेल्या वर्षी गणपतीत आपल्या मुलांकडून ‘सौभद्र’मधला एक प्रवेश करून घ्यायचे ठरले. पूर्वी मंडपात अख्खी नाटके होत आणि पडदे भाड्याने येत. आता एका प्रवेशावर समाधान. तालमी सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाने सुभद्रेचे काम करणाऱ्या मुलीची वही सहज उघडली. सगळी मराठी पदे कानडी लिपीत लिहिलेली. आम्ही दोघेतिघे होतो, सगळ्यांचेच चेहरे पडले. मुलगी घरात मराठी बोलते, शाळा कन्नड माध्यमाची. देवनागरी तिला लावून लावून वाचावी लागते. "मला यात पटकन वाचता येतं, काका," ती म्हणाली. एकाने जरा कडक शब्दांत सुनावलेही. पेटीवर साथ करणारे आमचे वयोवृद्ध मास्तर शांतपणे म्हणाले, "आधी तिचं गाणं ऐका." मुलीने पद म्हटले. शब्द स्वच्छ, ‘ळ’ खणखणीत, चाल पक्की. मास्तरांच्या स्वतःच्या घरी कानडी बोलतात. त्यांना ‘सौभद्र’ जवळजवळ तोंडपाठ आहे.

त्या रात्री घरी जाताना आम्ही बोलत होतो. वहीतली लिपी पाहून आम्हाला वाईट वाटले ते खोटे नव्हते. देवनागरी मुलांच्या हातून सुटू नये, तिच्यासाठी रविवारचा वर्ग घेतलाच पाहिजे, आणि दिवाळीनंतर तो सुरूही केला. पण त्या वहीत आम्हाला फक्त उणेपण दिसले, ते मात्र चुकले. अण्णा बाराव्या वर्षापर्यंत दोन्ही भाषा शिकले ते काही एकीत कच्चे राहावे म्हणून नाही. त्यांच्या डोक्यावर दोन भाषांचे ओझे नव्हते, त्यांच्या पदरात दोन भाषांची शिदोरी होती. सीमेवरच्या घरात वाढलेल्या मुलाला आपण अर्धवट समजलो तर ते अर्धवटच होईल. दोन घरचा वारस समजलो तर त्याच्यातून एखादा अण्णा निघेल. निदान अण्णांची पदे तरी पुढे जातील.

२०१५ साली पंचाण्णवावे नाट्यसंमेलन बेळगावात फैय्याज यांच्या अध्यक्षतेखाली झाले, तेव्हा आपण सगळेच मंडपात होतो. गाव नाटकाचे आहे हे त्या दिवसांत पुन्हा कळले. पण संमेलन चार दिवसांचे असते आणि नाटक बाराही महिने लागते.

संगीत नाटकाच्या प्रयोगाआधी आजही बहुतेक ठिकाणी ‘शाकुंतल’मधली नांदी म्हणतात, नाटक कोणाचे का असेना. आपल्या उत्सवातही ती होते. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा तिच्यातला क्रम पाहा. आधी शंकराला वंदन, मग विघ्ने दूर करणाऱ्या गणरायाला. मग कालिदासाचे नाव, ज्याचे घेतले त्याचे ऋण उघड मानून. आणि अगदी शेवटी कवी आपले नाव गुंफतो, तेही मोठेपणाने नव्हे, रसिकांचा सेवक म्हणून. बळवंत.

यंदा नांदी तीच मुलगी म्हणणार आहे. वही कोणत्या लिपीत आहे, ते आम्ही पाहिलेले नाही. उत्सव आटोपला की एका रविवारी मुलांना घेऊन गुर्लहोसूरला जाऊन यावे, असेही मनात आहे. बसमध्ये जागा आहेत. येणाऱ्यांनी कार्यवाहांकडे नावे द्यावीत.

गणपती बाप्पा मोरया!